उंबऱ्याबाहेरून दिसणारा डोंगर

मामाच्या वस्तीवर होडी नव्हती. गूळ करायची काहील होती. पाच-सहा माणसं मावतील एवढी मोठी, लोखंडी, पसरट. उन्हात तापली की बुडाला चिकटलेल्या जुन्या पाकाचा वास यायचा. साखर कारखाना आला, आमच्या भागातली गुऱ्हाळं एकेक करून थंडावली आणि एका बागायतदाराच्या गोठ्यामागं उपडी पडलेली ही काहील मामानं मागून आणली. मुळा नदीवर धरण झालं होतं. जिथं नदी होती तिथं आता तलाव होता, आणि तलावावरच्या वाऱ्यात भोयांच्या सांगडी टिकेनात. सांगड म्हणजे वाळलेले भोपळे बांधून केलेला तराफा. नदीत तो पाण्यावर झोपून जायचा. तलावात लाट आली की उलटायचा. काहील उलटायची नाही, पण वल्हं मारलं की पुढं जाण्याआधी स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची.

"आमच्या मामाची मोटार आदी चक्कर खाती, मग चालती," असं मी कॉलेजात सांगायचो. मुलं हसायची. तिकडं जायला मात्र माझा जीव आसुसलेला असायचा.

माझी आई भोयांची लेक. वडलांनी जाळं सोडून नगरला छापखान्यात खिळे जुळवायचं काम धरलं होतं. आमच्या खोलीत फडताळावर अंथरलेला कागद पत्रकाचा, भाकरी बांधायचा कागद पत्रकाचा, आणि मी वाचायला शिकलो तेही पत्रकांवरच. संपाची पत्रकं, सभेची पत्रकं, भाववाढीच्या निषेधाची पत्रकं. घरात देवाच्या पोथीपेक्षा 'बंधूंनो, जागे व्हा' हे शब्द जास्त वेळा वाचले गेले असतील. त्याचा परिणाम माझ्यावर व्हायचा तो झाला. विसाव्या वर्षी मला जगातली प्रत्येक गोष्ट एका पानावर, ठळक मथळ्यासह सांगता येते असं वाटत होतं. आजही पुष्कळ वाटतं. फक्त तो मजकूर कोण तपासणार, याची आता धास्ती असते.

धरणाआधीची नदी मला आठवते ती सकाळची. मामा गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळं फेकायचा. जाळं हवेत उघडून गोल व्हायचं, क्षणभर थांबल्यासारखं दिसायचं आणि मग पाण्यावर पडताना तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज यायचा. गावाखाली नदीच्या वळणावर एक डोह होता. मामा त्या डोहाला थोरल्या भावासारखा मान द्यायचा. कुठल्या महिन्यात मासे कुठल्या कपारीला असतात, ऊन कुठवर आलं की मरळ वर येते, हे त्याला डोळे मिटून सांगता यायचं.

मासे पाटीत पडले की मामाचं काम संपायचं आणि मामीचं सुरू व्हायचं. पाटी डोक्यावर घेऊन ती नदीचा उतार चढून गावात जायची. सगळ्या दारांत नाही. जी घरं मासे खायची तेवढ्याच दारांत. दारात म्हणजे दाराबाहेर. उंबऱ्याच्या आत तिला कुणी घेत नव्हतं. पायरीखाली पाटी उतरवायची, घराकडं पाठ करून बसायचं आणि घरातली बाई भांडं घेऊन येईपर्यंत समोर बघत राहायचं. घराकडं तोंड करून बसलं तर आत डोकावते म्हणायचे. एकदा सुट्टीत मी तिच्याबरोबर गेलो होतो. एका दारी आम्ही इतका वेळ बसलो, की मी विचारलं, "मामी, इतका वेळ काय करतेस तू?"

"डोंगर बघती," मामी म्हणाली. "दुसरं काय हाय हितं बघायला?"

मला राग आला होता. तो राग मी पुढं कितीतरी पत्रकांत वापरला. पण ती जे म्हणाली ते तेव्हा ऐकलं नाही.

मग धरण झालं. गाव उठलं. लोकांनी घरांच्या तुळया काढल्या, जोत्याचे दगड काढले, बैलगाड्यांत घालून वर माळावर नेले. झाडं तोडून लाकूड विकलं. गावाच्या वरच्या आळीत एक विधवा बाई राहायची. तिनं दारातली चिंच तोडू दिली नाही. "नवऱ्यानं लावलीया, पानी नेईल तर नेऊ द्या," म्हणाली. पाणी आलं. दोन पावसाळ्यांत सगळं सपाट, निळं झालं. भोयांची वस्ती नव्या काठावर, पत्र्याच्या आणि पाचटाच्या खोपटांत उभी राहिली.

प्रश्न एकच होता. या पाण्यात मासे धरायचे कुणी? सरकारी मत्स्यखात्यानं तलावात माशांचं बी सोडलं होतं, कटला आणि रोहू. पुण्याकडच्या एका ठेकेदाराचा अर्ज गेल्याची बातमी होती. तलाव त्याला मिळाला असता तर वस्तीतल्या अठरा घरांना काठावर उभं राहून दुसऱ्याचं जाळं बघत बसावं लागलं असतं, किंवा उसाच्या तोडीला जावं लागलं असतं. वस्तीनं सोसायटी काढायची ठरवली, आणि अर्ज लिहायला मला नगरहून बोलावलं.

मी अर्ज लिहिलाच. वर एक पत्रकही लिहिलं आणि वडलांच्या मागं लागून उरलेल्या पिवळ्या कागदावर छापून घेतलं. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं: 'या तलावाच्या तळाचा दगड न् दगड आम्हां भोई बांधवांच्या ओळखीचा आहे.' मामाला वाचून दाखवलं, तेव्हा त्यानं कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाला, "लई झालं न्हवं हे, भाच्या?"

"मामा, खोटं आहे का यात काही?"

"खोटं न्हाई. पन दगड आता लई खाली हाय."

खात्याचे साहेब आले ते ते पिवळं पत्रक खिशात घालूनच. हडकुळे, चष्म्याचे, शांत बोलणारे. खुर्ची आणली तरी बसले नाहीत. म्हणाले, "नदीत मासे धरणं आणि खोल पाण्यात धरणं वेगळं. ठेकेदाराकडं होड्या आहेत, माणसं आहेत. तुमच्याकडं?" त्यांनी काहिलीकडं पाहिलं. "पण तुम्ही लिहिलंय तळ ओळखीचा आहे. मग दाखवा. हे एक नायलॉनचं जाळं ठेवून जातो. आठवड्यानं येईन. आदल्या संध्याकाळी लावा, सकाळी माझ्यासमोर काढा. मासा बरा निघाला तर शिफारस करतो. जाळं फाडू नका, ते खात्याचं आहे."

साहेब गेल्यावर सगळी वस्ती माझ्याकडं बघायला लागली. एक म्हातारा म्हणाला, "शाईवाल्या, तळ ओळकीचा हाय व्हय? मग जा, बघून ये जरा. रामराम सांग आमचा."

मामा डोहावर गेला. दुसरीकडं कुठं जाणार? आयुष्यभर ज्या जागेनं त्याला खाऊ घातलं तिथंच तो गेला. नदीच्या वळणावरचा पांढरा कडा पाण्याबाहेर होता, त्यावरून त्यानं डोह अचूक शोधला. दोरीला दगड बांधून सोडला. दोरी संपली, तळ लागला नाही. खात्याचं जाळं जपून ठेवून आम्ही आमची जुनी जाळी जोडून लावली. सकाळी काढली तर नुसतं पाणी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी एक एवढासा मासा निघाला, तो मामानं परत सोडून दिला.

"डोह हाय खाली," तो काहिलीच्या कडेला ओणवा होऊन म्हणायचा. "मी सांगतो ना, हाय."

डोह होताच. पण तो आता काळ्या, गार पाण्याच्या कितीतरी खाली होता. मासे तिथं राहायचं कारण उरलं नव्हतं. हे मामाला कळत नव्हतं असं नाही. त्याला ते मानवत नव्हतं.

चौथ्या दिवशी मामी काठावर जाळ्याची गाठ मारत बसली होती. आम्ही रिकामे परतलो तशी ती म्हणाली, "मासं काय तिथं तुमची वाट बगत बसल्यात व्हय?"

"मग कुठं हायत, तू सांग," मामा चिडला.

"गावात."

"काय?"

"गावात असतील. आपन वर आलो, तसं तेबी वर आले. कुडं पडल्यात, परड्याचं कुंपण कुजतंय, उकिरडं हायत. खायाला गावात न्हाई मिळायचं तर डोहात मिळायचं?"

मामा काहिलीतून उतरला आणि हात पसरून त्यानं तलाव दाखवला. "आन् गाव कुटं हाय ह्यात? दाव बरं! समदं एकसारखं पानी. आमी नदीत चाललो जलमभर, खालच्या अंगाला. तिथनं गाव दिसत न्हवतं, डोंगर दिसत न्हवता."

"तुमाला न्हवता दिसत," मामी म्हणाली. "मला दिसत हुता."

ती उठली आणि चालत काहिलीपाशी आली. आमच्यात बाई सांगडीवर पाय ठेवत नाही. बाईचा पाय लागला की मासा रुसतो म्हणतात. मी लगेच या अंधश्रद्धेवर बोलायला तोंड उघडलं. मनात मथळासुद्धा तयार होता. मामीनं मला हातानंच गप्प केलं.

"सांगडीवर बसायचं न्हाई ना?" ती मामाला म्हणाली. "ही काय सांगड हाय? ही गुळाची काहील. काहिलीत बाईनं बसायचं न्हाई असं कोन म्हनलंय?"

मामानं काहील काठाशी ओढून धरली. "बस," म्हणाला.

ती बसली ती अगदी तशीच, पाटी उतरवून दारात बसायची तशी, एक गुडघा वर. मावळतीकडं तोंड. मामा आणि मी वल्हवत होतो, काहील गिरक्या घेत होती, आणि प्रत्येक गिरकीला मामी आपली पुन्हा मावळतीकडं वळून बसत होती.

"ती खिंड बग," ती म्हणाली. समोरच्या दोन डोंगरांमध्ये पडक्या दातासारखी एक फट होती. "पोलिसपाटलाच्या दारात बसलं की ती खिंड मिटायची. म्होरचा डोंगर मागच्याव चढायचा. आनि त्या अंगाला पिवळी दरड कड्याच्या टोकाला लागायची. चला. अजून. अजून. आता थांबा."

खिंड मिटली होती. दरड कड्याच्या टोकाला लागली होती.

"हे पाटलाचं दार," मामी पाण्याकडं न बघता म्हणाली. "हितं लई बसवायची ती बाई. भाकऱ्या झाल्याबिगर उठायची न्हाई. चार भाकऱ्या तरी व्हायच्या."

मामानं दगड सोडला. तीन-चार पुरुष उंचीएवढ्या खोलीवर तो टेकला. आमच्या जाळ्याला पोचण्याजोगा तळ. मामानं दोरी हातात तशीच धरली आणि मामीकडं पाहिलं. इतक्या वर्षांत तो तिच्याकडं असं बघताना मी पाहिला नव्हता.

मग ती एकेक दार सांगत गेली. इथं कुत्रं अंगावर यायचं. इथली म्हातारी मासा हातात धरून दहा वेळा वास घ्यायची आणि शेवटी सगळ्यात लहान उचलायची. प्रत्येक दाराला वेगळा डोंगर होता. कुठं खिंड अर्धी उघडी, कुठं टेकडीवरचं एकटं झाड कड्याच्या डावीकडं. बाराएक दारं होती. तिला एकदाही चुकल्यासारखं वाटलं नाही. मी हिशेब केला, की तीस वर्षं रोज सकाळी तिला ताटकळत ठेवलं होतं तेव्हा कुठं हा नकाशा तयार झाला होता. मला पुन्हा राग आला. ती मात्र मजेत होती. पाण्यावर हात ठेवून ओळखीच्या बायकांची उणीदुणी काढत होती.

शेवटचं दार विधवा बाईचं. "हिनं मातर पानी दिलं मला नेहमी," मामी म्हणाली. "वरनं ओतायची, पन न मागता."

मामानं दोरी सोडली. दगड दोन पुरुष खोलीवरच अडकला. हलवला तर खाली काहीतरी लवचीक, जिवंत असल्यासारखं डोललं. चिंच उभी होती.

साहेब येण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही खात्याचं जाळं लावलं, पाटलाच्या दारापासून वरच्या आळीनं चिंचेच्या अलीकडं दहा पावलांपर्यंत. पावलं मामीची. आळी कुठं मोकळी आहे हे तिनंच सांगितलं, कारण जोत्यांचे दगड कुणी नेले आणि कुणी टाकून गेले, हे तिलाच माहीत होतं.

सकाळी साहेब स्वेटर घालून काठावर उभे होते. वस्ती मागं उभी. मामी काहिलीत बसली तेव्हा मागून कुजबुज झाली. "बाईला घेऊन चाललाय," कुणीतरी म्हणालं, "आता निगाला मासा!" मामानं ऐकलं आणि वल्हं उचललं.

जाळ्याचे पहिले वीस हात नुसतं शेवाळ. मामा हातावर हात टाकत ओढत राहिला. मग जाळं जड झालं. पहिला कटला निघाला तो माझ्या मांडीएवढा, रुपेरी, तोंड वासलेला. त्यामागं रोहू. मग शिंगाळा, मिशा हलवत. काहिलीच्या बुडावर मासे आपटायला लागले आणि लोखंड देवळातल्या घंटेसारखं वाजायला लागलं. काठावरची कुजबुज थांबली. पोरं ओरडायला लागली.

आणि चिंचेजवळ जाळं अडकलं. रात्रीच्या वाऱ्यानं शेवट ओढून फांदीत घातला होता. मामानं हिसका देण्यासाठी पाय रोवले.

"वढू नगा!" मामी ओरडली. "फांदी घराच्या अंगाला झुकलीया. तिच्याच सावलीला बसायची मी. पल्याडनं घ्या, पल्याडनं!"

आम्ही काहील वळसा घालून पलीकडं नेली. मामानं जाळं सैल सोडलं, मग घराच्या बाजूनं अलगद ओढलं. ते सुटून वर आलं, विणीचा एकही डोळा न तुटता. त्यात आणखी दोन रोहू होते.

काठावर आल्यावर साहेबांनी मासे पाहिले, जाळं दोन्ही हातांत धरून उजेडात पाहिलं. खूश झाले होते. खिशातून माझं पिवळं पत्रक काढलं. "दगड न् दगड," ते हसून म्हणाले. "हा तळ ओळखला कुणी?"

सगळी वस्ती मामाकडं बघत होती. त्यानं नुसतं 'आम्हीच' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मामानं मान हलवली आणि मामीकडं बोट केलं. "हिनं."

साहेबांनी चष्मा सारखा केला, सभासदांची यादी उघडली. "यांचं नाव कितव्या नंबरला?"

त्यांचं बोट खाली उतरत गेलं. यादी माझ्या अक्षरातली होती. अठरा नावं, अठरा पुरुष. वर ठळक अक्षरांत 'भोई बांधव'. मी घरोघर जाऊन ती नावं घेतली होती. मामीच्या हातची भाकरी खाऊन, तिच्याच खोपटात बसून ती यादी नीट उतरून काढली होती. मी खिशातलं पेन काढलं.

"मी आत्ता लिहितो," मी म्हणालो.

"असं लिहिता येत नाही," साहेब म्हणाले. "अर्ज बदलायचा तर नगरहून पुन्हा वर जायला हवा. महिना जाईल. तोवर दुसरा अर्ज पुढं सरकला तर माझ्या हातात काही नाही."

"सरकू दे," मी म्हणालो. "हे चुकीचं आहे. चूक माझी आहे. नवा अर्ज करू."

मागची माणसं चुळबुळली. एक जण म्हणाला, "एका नावापायी तलाव घालवतो का काय हा?" त्याला उत्तर द्यायला मी वळलो, तोच मामी बोलली.

"साहेब, हाय तसा जाऊ द्या कागद." आणि मला म्हणाली, "तुजी पत्रकं मागनं छाप, बाबा. आदी पानी तर घे पदरात."

तिनं पाटीत मासे भरायला घेतले. तिला माळावरच्या नव्या गावात जायचं होतं. अर्ज गेला. तलाव वर्षभरासाठी वस्तीला मिळाला. त्या दिवशी वस्तीवर हलगी वाजली, आणि मी काठावर बसून माझं ते आवडतं वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होतो.

पुढचा पावसाळा आलाच नाही. दुष्काळ पडला. वस्तीतले निम्मे लोक खडी फोडायच्या कामावर गेले. तलाव आटत आटत मधल्या वळणापर्यंत मागं सरला, आणि उन्हाळ्यात वरची आळी पाण्याबाहेर आली. भेगाळलेला गाळ, काळी पडलेली जोती, आणि निष्पर्ण चिंच. फांद्यांना जुन्या जाळ्यांच्या चिंध्या लोंबत होत्या.

सोसायटीचा दुसऱ्या वर्षीचा अर्ज लिहायला मी आलो होतो. मामी म्हणाली, चल. रिकामी पाटी तिनं डोक्यावर घेतली, का कोण जाणे. आळीतून चालत आम्ही विधवा बाईच्या दारापर्यंत गेलो. पायरी शाबूत होती. मामी खाली बसायला वाकली, आणि मग बसली ती पायरीवरच. मलाही हात धरून शेजारी बसवलं.

"बग," ती म्हणाली.

खिंड अर्धी उघडी होती. त्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

मी पिशवीतून कागद काढला. "तुझं नाव पहिलं," म्हणालो.

"माजं एकलीचं नको," ती म्हणाली. "पाटी घेऊन ज्या ज्या येत हुत्या त्या समद्यांची घाल. आठ जनी हुतो आमी. लिव."

ती नदीचा उतार चढताना ज्या क्रमानं त्या बायका एकामागं एक चालायच्या, त्या क्रमानं नावं सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. सातवं नाव तिला आठवेना. ती उठली, पाटी डोक्यावर नीट बसवली, गाळातून चार पावलं चालली, मागं वळून पाहिलं, आणि तिला ते आठवलं.